चित्रखोदक सॅम्युएल कझिन्स

छायाचित्रें छापतां येत नव्हतीं त्या काळीं थोरांचे चेहरे गरिबांस कसे दिसत? चित्रकाराचें मूळ चित्र धनवानाच्या दिवाणखान्यांत राही. खोदक तेंच धातूच्या पत्र्यावर उतरवी, व त्याचे ठसे दुकानांत विकले जात. या कामांत सॅम्युएल कझिन्स यांच्या तोडीचे थोडेच झाले.

त्यांचा जन्म १८०१ त इंग्लंडांतील एक्सेटर येथें झाला. उत्तम मेंढपाळाच्या एका खोदचित्राची पेन्सिलीनें नक्कल करून त्यांनीं दहाव्या वर्षीं रौप्य पारितोषिक मिळविलें. १८१४ त ते रेनॉल्ड्स नामक खोदकाकडे उमेदवार राहिले. गुरूंच्या नांवानें निघालेल्या पुष्कळ लहान चित्रांत हात या मुलाचाच होता.

काम कष्टाचें. पत्रा दातेरी हत्यारानें सर्वत्र खरबरीत करावयाचा. तसाच छापला तर कागद मखमलीसारखा काळा उमटे. मग उजेड पाहिजे तेथें तो खरवडून गुळगुळीत करावयाचा, म्हणजे अंधारांतून हळूहळू मुख प्रगट होई. तांब्याचा पत्रा लवकर झिजे. पोलादावर खोदल्यानें प्रती पुष्कळ निघूं लागल्या.

तरी लंडनच्या रॉयल अकॅडमींत खोदकांस पूर्ण सभासदत्व नसे. दुसऱ्याचें चित्र उतरविणारा तो नकलकार, असें समजत. आमच्या मतें हा न्याय नव्हे. तें दार उघडल्यावर १८५५ त कझिन्स पूर्ण सभासद झाले. पुढें त्यांनीं त्याच संस्थेच्या हवालीं १५,००० पौंड केले, ते वृद्ध व गरजू कलावंतांस दरसाल नेमणूक मिळावी म्हणून. १८८७ त ते लंडन येथें निवर्तले.