परचुरे शास्त्री आणि बधिर नसांचा प्रश्न

सेवाग्राम आश्रमात आजही परचुरे कुटी उभी आहे. संस्कृतचे गाढे विद्वान परचुरे शास्त्री आणि गांधीजी यांचा येरवडा तुरुंगात सहवास झाला. शास्त्रींना कुष्ठरोग झाला आणि जवळची माणसे दुरावली. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. संसर्गाची भीती असूनही गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना रोज मालीश केले.

कुष्ठरोग त्वचेवर दिसतो, पण खरा घाव नसांवर असतो. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू नसेच्या तंतूंना आवरण घालणाऱ्या श्वान पेशींत घर करतो. नस निकामी झाली की चटका कळत नाही, जखम चिघळते, बोटे वाकतात. मालीशने त्वचा मऊ राहते, सांधे आखडत नाहीत. जंतू मात्र मरत नाही. त्या काळी चालमोगरा तेलापलीकडे फारसा उपाय नव्हता.

पुढे शास्त्री वर्ध्याजवळच्या दत्तपूरला, मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या कुष्ठधामात राहिले. १९४५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॅप्सोन भारतात वापरात आले. १९८० च्या दशकात बहुऔषधोपचार आला, तेव्हा वर्धा हा तो राबवणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक होता.

औषधाने जंतू मरतो. मेलेली नस मात्र परत येईलच असे नाही. तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो आणि त्याला वाट दाखवायला श्वान पेशी लागतात. मूळपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, अशा पेशी तयार करून नस सांधण्याचे प्रयत्न सुरू आहेत. एडिंबरा येथील संशोधकांना २०१३ मध्ये उंदरांत दिसले, की कुष्ठजंतू श्वान पेशींनाच मूळपेशींसारखे रूप देतो आणि शरीरात पसरतो. ही किमया दुरुस्तीसाठी वापरता येईल का, हा पुढचा प्रश्न. तोवर नसांसाठी मूळपेशींचा उपचार मान्यताप्राप्त चाचणीपुरताच आहे. पैसे घेऊन कोणी हमी देत असेल तर सावध राहावे.

शास्त्रींना जे मिळाले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नये, लगेच तपासून घ्यावा. नस वाचवणे हे ती पुन्हा घडवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.