बाबासाहेबांची टिपणे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी किती ग्रंथ वाचले, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. ते त्यांनी कसे वाचले, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. वसतिगृहातील आमच्या मुलांच्या हाती आता पुस्तकाबरोबर पडदाही आला आहे आणि बोटाच्या एका स्पर्शाने पानेच्या पाने साठवता येतात. म्हणून या स्मरणिकेत त्या दुसऱ्या प्रश्नापुरतेच चरित्र सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसून शिकले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत नाकारले गेले, तेव्हा ते फारसी शिकले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यानिमित्त गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली परतताना वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान ग्रंथांसह समुद्रात बुडाले. महायुद्धाच्या दिवसांत ते जहाज पाणतीराला बळी पडले होते.

अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच ते हजर होत आणि बंद होण्याच्या वेळी कर्मचाऱ्यांनी उठविल्यावरच बाहेर पडत. तेथील ग्रंथ घरी नेता येत नसत. चलनविषयक अहवाल, समित्यांपुढील साक्षी, आकड्यांचे तक्ते यांतून जे हाताने टिपले तेवढेच संध्याकाळी बरोबर येई. शंभर पानांच्या अहवालातील कोणता आकडा घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे तेथेच, वाचता वाचता, ठरवावे लागे. हाताचा वेग डोळ्यांहून कमी असतो, आणि आमच्या मते या मंदपणातच अभ्यास घडतो. शब्दन् शब्द उतरविण्यास सवड नसते. मजकूर समजून, आपल्या शब्दांत आवळूनच लिहावा लागतो. पडद्यावरचा उतारा जसाच्या तसा उचलून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला ही निवड करावीच लागत नाही. अर्थात अर्थ न कळता हाताने वह्या भरणारे विद्यार्थीही आम्ही पाहिले आहेत. त्यांचा लाभ काही अधिक नसतो. १९२३ साली बाबासाहेबांना डी.एस्सी. मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

पुढे दादरला ‘राजगृह’ उभे राहिले. ग्रंथ स्वतःचे झाले, आणि रंगीत पेन्सिलीच्या खुणा थेट पानांवर उमटू लागल्या.

यंत्राचे त्यांना वावडे नव्हते. दिल्लीत नानकचंद रत्तू त्यांच्या हस्तलिखितांच्या टंकलिखित प्रती करीत आणि त्या प्रतींवर बाबासाहेब पुन्हा लेखणी चालवीत. पाली भाषेच्या अभ्यासातून त्यांनी जमविलेला शब्दकोश हे तर मोठ्या चिकाटीचे काम! पुढे शासनाने तो खंडरूपाने छापला. त्यांच्या पश्चात पेट्यांत पडून राहिलेल्या कागदांतून, १९७९ पासून निघू लागलेल्या शासकीय खंडांसाठी वसंत मून यांनी कितीतरी अपुरी प्रकरणे जुळविली. काहींची पाने आजही गहाळ आहेत. तेच खंड आज भ्रमणध्वनीवर उघडतात, हवा तो शब्द क्षणात सापडतो. ज्या घरात एकही पुस्तक नाही, अशा घरातून आलेल्या आमच्या मुलाला हे केवढे दान आहे! हा लाभ आम्ही नाकारीत नाही. आमचा आग्रह एवढाच, की खंड पडद्यावर असला तरी शेजारी वही उघडी असावी.

अखेरच्या वर्षी मधुमेहाने शरीर खचले होते, दृष्टी अधू झाली होती. तरीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम थांबले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीतील अलिपूर रोडवरील निवासस्थानी, त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने तपासण्यासाठी मागून घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला.