आसिफ यांचे राहून गेलेले रंग

परवाच्या रविवारी घरी ‘मुघल-ए-आझम’ची रंगीत डीव्हीडी लावली. दहाच मिनिटांत आईने रिमोटने टीव्हीचा रंग शून्यावर आणायला लावला. १९६० साली बाबांबरोबर ‘मराठा मंदिर’मध्ये पाहिलेला चित्रपट तिला तसाच, कृष्णधवल हवा होता. मला मात्र के. आसिफ आठवत राहिले.

इटाव्याला १९२२ साली जन्मलेले आसिफ मुंबईत आले आणि स्वातंत्र्यापूर्वीच त्यांनी हा चित्रपट हाती घेतला. फाळणी झाली, निर्माता पाकिस्तानात गेला. १९४९ साली अकबराचे काम करणारा चंद्रमोहन वारला. दुसरा कोणी असता तर नाद सोडता. आसिफ यांनी शापूरजी पालनजी यांच्या पैशावर, पृथ्वीराज, दिलीपकुमार, मधुबालाला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहाल उभा राहिला. तो रंगात उतरलेला पाहून सगळाच चित्रपट रंगीत करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. पण वितरकांचा धीर संपला होता. थोडाच भाग रंगीत झाला.

१९७१ साली, पन्नाशी गाठण्याआधीच, आसिफ गेले. ‘लव्ह अँड गॉड’ अर्धवट राहिला. २००४ साली संगणकाने ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगवला, तेव्हा त्यांना जाऊन ३३ वर्षे झाली होती.

पडद्यावर शीशमहाल आला, तशी आईने रंग परत आणायला सांगितला. तेवढे रंग आसिफ यांनी स्वतः भरले होते.