पोटात अल्सर, पायांत तेरा वर्षं

सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी सबमिशनच्या नादात काहीच नाही, रात्री डोकं ठणकलं की रिकाम्या पोटी पेनकिलर. तुमचं असंच चालू असेल, तर पोटाचं दुखणं घेऊन चाललेल्या एका माणसाविषयी वाचाच.

आकुर्डीवरून जाताना ‘बजाज’ हे नाव तुम्ही रोज बघता. त्या घराण्यातले जमनालाल बजाज ज्यांना गुरू मानायचे, ते विनोबा भावे.

जन्म ११ सप्टेंबर १८९५, पेण तालुक्यातल्या गागोद्यात. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा वाटेत सुरतला उतरला आणि काशीला गेला. (सबमिशन बुडवणाऱ्यांनी प्रेरणा घेऊ नये!) त्याच वर्षी तो गांधीजींच्या आश्रमात पोहोचला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली.

अंगकाठी मात्र पहिल्यापासून किडकिडीत. १९३८ मध्ये तब्येत एवढी ढासळली की गांधीजींना काळजी लागली. थंड हवेच्या ठिकाणी जायचं सोडून विनोबा वर्ध्याजवळ पवनारला, जमनालालजींच्या बंगल्यात राहिले. सगळ्या कामांची चिंता बाजूला ठेवली, रोज थोडं थोडं शेत खणलं आणि वजन वाढवलं.

मग १८ एप्रिल १९५१. तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊन टाकले. भूदान सुरू झालं. पुढची जवळपास १३ वर्षं विनोबा गावोगाव पायी फिरले, तेही पोटात अल्सर असताना. आहार काय, तर थोडं दूध-दही आणि मध, दिवसातून अनेकदा. मला हे वाचून कौतुकापेक्षा हळहळच जास्त वाटली. कारण तेव्हा डॉक्टरही तिखट, काळजी आणि ॲसिड यांनाच दोष द्यायचे. पथ्य पाळा, एवढाच सल्ला.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात राहणारा एक जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला. हेलिकोबॅक्टर पायलोरी. बरेचसे अल्सर त्याच्यामुळे होतात, हे पुढे सिद्ध झालं. त्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला पवनारला देह ठेवला.

आता तुमचं बघू. हा जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत सापडतो आणि साधारण १४ दिवसांच्या अँटिबायोटिक्सच्या कोर्सने बहुतेकांचा जातो. कोर्स अर्धवट सोडला तर मात्र तो टिकून राहतो. दुसरं मोठं कारण तुमच्या बॅगेत आहे: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन. जठराच्या अस्तराचं संरक्षण या गोळ्या कमी करतात, त्यामुळे मेडिकलमधून परस्पर आणून रोज खाऊ नका. सिगारेट, दारूने जखम आणखी चिघळते. वडापावने अल्सर होत नाही, पण झालेला असेल तर जळजळ वाढू शकते. दुधाने तात्पुरतं बरं वाटतं, नंतर ॲसिड पुन्हा वाढतं.

आणि शौच डांबरासारखी काळी झाली, किंवा उलटीत रक्त वा कॉफीच्या चुऱ्यासारखं काही दिसलं, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. रूममेटला उठवा आणि त्याच रात्री वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयाची इमर्जन्सी गाठा.