पिसाला काठ लावणारा माणूस

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक आणले, ते बँटमवेट गटातले. हा ‘बँटम’ कोण, असा प्रश्न मला शाळकरी वयापासून पडलेला होता. उत्तर मिळाले कोंबड्यांवरच्या एका पुस्तकात. जावा बेटावरच्या बांतेन बंदरातून आलेल्या लहानखुऱ्या, ताठ मानेच्या कोंबड्यांना इंग्रजांनी त्या बंदराचे नाव दिले आणि पुढे लहान चणीच्या मल्लांना व मुष्टियोद्ध्यांना त्या कोंबड्यांचे. त्याच पुस्तकात एका उमरावाची गाठ पडली, आणि तेव्हापासून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. त्याचे नाव सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट.

सेब्राइट यांचा जन्म १७६७चा. काही काळ त्यांनी सैन्यात काढला. १७९४ साली घराण्याचा किताब आणि हर्टफर्डशायर परगण्यातली बीचवुड ही इस्टेट त्यांच्याकडे आली. १८०७ ते १८३४ अशी सत्तावीस वर्षे ते पार्लमेंटचे सभासद होते. पण त्यांचे नाव आज घेतले जाते ते जेमतेम सहाशे ग्रॅम वजनाच्या एका कोंबड्यामुळे.

सेब्राइट बँटम हा पक्षी डोळ्यांपुढे आणायचा तर काठाची साडी आठवावी. अंगावरचे प्रत्येक पीस सोनेरी किंवा रुपेरी, आणि त्या प्रत्येक पिसाला सभोवार काळाभोर, हिरवट झाक मारणारा बारीक काठ. मानेवर, छातीवर, पंखांवर, शेपटीवर, सगळीकडे तोच काठ. परीक्षक पक्षी हातात घेतो, पंख उलगडतो आणि पिसामागून पीस पाहत जातो. काठ एकसारखा आहे की टोकाला जाड आणि कडेला पुसट? मधला रंग स्वच्छ आहे की त्यावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके? पीस बदामासारखे गोलसर आहे की टोकदार? शिवाय तुरा गुलाबकळीसारखा पसरट हवा, पाय निळसर पाटीच्या रंगाचे हवेत आणि छाती पुढे काढलेली हवी.

हे सारे सेब्राइट यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर करून आणि मग जवळच्या नात्यातल्या पक्ष्यांच्या जोड्या लावून घडवले. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल तेव्हा जन्मलाही नव्हता. हाती होती ती नजर आणि चिकाटी. १८१०च्या सुमारास त्यांनी या पक्ष्याच्या शौकिनांचा संघ काढला. सभासद दरवर्षी जमून आपापले पक्षी शेजारी शेजारी ठेवून तपासत. एकाच जातीसाठी निघालेला हा पहिला संघ मानला जातो. कबुतरांतही सेब्राइट यांचा हात धरणारा नव्हता. हवे ते पीस तीन वर्षांत काढून दाखवीन, डोके आणि चोच घडवायला मात्र सहा वर्षे लागतील, असे ते सांगत. डार्विनने १८५९च्या आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात हे नमूद केले आहे.

डार्विनने त्यांच्याकडून आणखीही काही घेतले. सेब्राइट यांनी १८०९ साली सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात एक पुस्तिका छापली. कडक हिवाळा आणि अन्नाची टंचाई दुबळ्या प्राण्यांना वेचून काढतात, म्हणजे निसर्गही निवड करतो, हा विचार तीत आहे. डार्विनने ती बारकाईने वाचली होती.

मला या माणसाचा खरा मोठेपणा दिसतो तो त्या पुस्तिकेतल्या दुसऱ्या मुद्द्यात. भावंडांत आणि आईबापांशी पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या तर काय होते, तेही त्यांनी करून पाहिले होते. कोंबड्यांचे पाय लांबले, अंग रोडावले, प्रजोत्पादन मंदावले. आपल्या कलेची किंमत त्यांनी झाकली नाही.

त्यांच्यामागून आलेल्या शौकिनांनी काठ तेवढा जपला, इशारा विसरला. डार्विनने १८६८च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की सेब्राइट यांच्याच पक्ष्यांपासून थेट आलेल्या रुपेरी कोंबड्या त्याने पाहिल्या. दोन घरटी अंड्यांनी भरलेली होती, पण त्या वर्षी एकही पिल्लू बाहेर आले नाही.

या जातीची आणखी एक गंमत आहे. नराला कोंबड्याची डौलदार, टोकदार पिसे येतच नाहीत. तो पिसांनी कोंबडीच दिसतो. १९१९ साली थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाने दाखवले, की असा नर खच्ची केला तर त्याला उलट नराचीच पिसे फुटतात! पुढे कारण कळले. या पक्ष्याची कातडीच नराच्या संप्रेरकाचे मादीच्या संप्रेरकात रूपांतर करते, आणि त्याच्या मुळाशी आहे जनुकाशेजारी घुसलेला विषाणूचा एक जुना तुकडा. सेब्राइट यांनी डोळ्यांनी निवडलेल्या गोष्टीचा उलगडा व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

पिसांत रमलेला हा उमराव जगाकडे पाठ फिरवून बसला नव्हता. १ मार्च १८३१ रोजी लॉर्ड जॉन रसेल यांनी मताधिकार सुधारणेचे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली, तेव्हा अनुमोदन दिले ते सेब्राइट यांनी. आपल्या भागात त्यांनी शाळा बांधली आणि सोळा निराधारांसाठी घरे उभारली. १८४६च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्या शहरांतून चपट्या नाकाचे पग धापा टाकत जिना चढताना दिसतात, तेव्हा मला सेब्राइट आठवतात. पिल्लू घरी आणण्याआधी नाकाचा चपटेपणा सगळे पाहतात. ते नीट श्वास घेते का, त्याचे आईबाप एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले होते, हेही विचारावे. सुंदर पिसासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने हे दोनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.