मातीचे सोने करणारा लुका देल्ला रोब्बिया



लोणच्याची चिनीमातीची बरणी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते. आतली माती साधीच. पण तिच्यावर जो काचेसारखा चकचकीत थर असतो, त्यामुळे मीठ, तेल, पाणी काहीही आत मुरत नाही आणि आजीच्या वेळची बरणी नातवाच्या काळातही नवीच दिसते. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या एका शिल्पकाराने सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वी असाच थर प्रभू येशूच्या आणि पवित्र मरियेच्या मूर्तींवर चढवला आणि चर्चची छते व थडगी रंगीत फरश्यांनी सजवली. त्याचे नाव लुका देल्ला रोब्बिया. आज त्याच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

लुकाचा जन्म १४०० सालच्या सुमारास झाला. वडील सिमोने लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाचे सभासद होते. रोब्बिया हे आडनावही कापड रंगवण्याच्या लाल मंजिष्ठेवरून आलेले. त्या काळी फ्लॉरेन्समध्ये मोठमोठे कलावंत काम करीत होते. ब्रुनेलेस्की कथीड्रलचा प्रचंड घुमट उभारत होता, गिबेर्ती ब्राँझची दारे ओतत होता आणि दोनातेल्लोच्या हाताखाली संगमरवर बोलू लागला होता. अशा शहरात नाव मिळवणे सोपे नव्हते.

लुकाला पहिली मोठी संधी १४३१ साली मिळाली. कथीड्रलमध्ये ऑर्गनसाठी संगमरवरी सज्जा करायचा होता. त्याने दीडशेवे स्तोत्र निवडले. कर्णे, वीणा, डफ, झांजा वाजवून परमेश्वराची स्तुती करावी, असे सांगणारे हे स्तोत्र आपण अनेकदा म्हणतो. लुकाने त्यातले एकेक वाद्य घेऊन गाणारी, नाचणारी मुले कोरली. त्या मुलांचे गाल फुगलेले आहेत, काहींचे डोळे गाण्यात हरवले आहेत. हे काम १४३८ साली पुरे झाले. त्याआधीच, १४३६ साली, आल्बेर्ती या विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लुकाचे नाव ब्रुनेलेस्की, दोनातेल्लो, गिबेर्ती आणि मासाच्चो यांच्या बरोबरीने लिहिले होते. चाळिशीला पोहोचण्यापूर्वीच लुका कीर्तीच्या शिखरावर होता.

आणि नेमके याच वेळी तो मातीकडे वळला. संगमरवर हा राजेरजवाड्यांचा दगड, तर माती कुंभाराची. संगमरवराला खर्च फार, वेळ फार. हिशेब मांडला तर शिल्पकाराच्या हाती थोडेच उरते, म्हणून लुकाने माती घेतली, असे पुढच्या शतकात वासारी या चरित्रकाराने लिहिले. ते खरे असेलही. पण मातीत एक मोठी अडचण होती. भाजलेली माती पाणी शोषते, तिच्यावरचा रंग पावसाने उडतो, आणि काही वर्षांत मूर्ती ओळखू येत नाही. लुकाने या अडचणीवर तोड काढली.

ही तोड त्याने शून्यातून शोधली नाही. मुसलमान कारागीर कित्येक शतके भांड्यांवर आणि फरश्यांवर कथिलाचा पांढरा चकचकीत थर देत होते. ती विद्या स्पेनमार्गे इटलीत आली होती. लुकाचे मोठेपण हे की, जो थर ताटवाटीवर होता तो त्याने शिल्पावर आणला आणि असा साधला की चेहऱ्यावरचे भाव त्याखाली बुजले नाहीत.

त्याची रीत अशी. चांगली मळलेली माती घेऊन मूर्ती घडवायची. मूर्ती मोठी असेल तर ओली असतानाच तिचे तुकडे करायचे आणि पाठीमागून पोकळ करायचे, नाहीतर भट्टीत तडे जातात. तुकडे सावकाश वाळवून पहिल्यांदा भाजायचे. मग शिसे, कथील आणि वाळू यांपासून केलेला लेप द्यायचा. त्यात कोबाल्ट मिसळले की निळा रंग येतो, तांबे मिसळले की हिरवा. त्यानंतर पुन्हा भट्टी. दुसऱ्या आगीत लेप वितळून मातीशी एकजीव होतो. शेवटी तुकडे भिंतीवर चुन्याने जोडायचे, आणि सांधे वस्त्राच्या चुणीत किंवा आकृतीच्या कडेला लपवायचे.

त्याने हा लेप सर्वप्रथम कोठे वापरला, हे आपण कॅथलिकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. कागदपत्रांत नोंद असलेले त्याचे असे पहिले काम म्हणजे १४४१ ते १४४३ च्या दरम्यान एका इस्पितळाच्या चर्चसाठी केलेली पवित्र साक्रामेंताची पेटिका. संगमरवराच्या जोडीला तिच्यात रंगीत माती आहे. रोग्यांच्या चर्चमध्ये, प्रभूच्या घरासाठी, मातीला पहिला मान मिळाला. त्यानंतर कथीड्रलच्या उत्तरेकडील सॅक्रिस्टीच्या दारावर त्याने प्रभूचे पुनरुत्थान केले. निळ्या आकाशावर पांढराशुभ्र ख्रिस्त, आणि खाली झोपलेले शिपाई.

फरश्यांचे त्याचे काम पाहायचे तर बिशप बेनोझ्झो फेदेरिगी यांचे थडगे पाहावे. हे काम त्याच्याकडे १४५४ साली आले. पहुडलेल्या बिशपांची मूर्ती संगमरवरी आहे, पण भोवतीची चौकट फरश्यांच्या तुकड्यांची आहे आणि तिच्यावर फुलापानांचे गुच्छ रंगवले आहेत. कापलेली फुले दोन दिवसांत कोमेजतात. ही फुले साडेपाचशेहून अधिक वर्षे ताजी आहेत. तसेच सान मिनियातो चर्चमध्ये पोर्तुगालचे तरुण कार्डिनल जेम्स यांचे चॅपल आहे. वयाच्या २५ व्या वर्षी, १४५९ साली, ते फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांच्या चॅपलचे छत लुकाने फरश्यांनी मढवले. मध्यभागी कबुतराच्या रूपातील पवित्र आत्मा आहे आणि भोवती दूरदर्शीपणा, न्याय, धैर्य व संयम हे चार सद्‍गुण. एका धर्मगुरूला कोणत्या गुणांच्या छायेखाली विसावावेसे वाटेल, हे त्या छताकडे पाहून कळते.

लुकाने संगमरवर आणि धातू कायमचे सोडले नव्हते. त्याच उत्तर सॅक्रिस्टीची ब्राँझची दारे त्याने दोन सोबत्यांसह १४४६ साली करायला घेतली आणि कित्येक वर्षांनी पुरी केली. २६ एप्रिल १४७८, रविवारचा दिवस. कथीड्रलमध्ये मिस्सा चालू असताना मेदिची घराण्याच्या दोन भावांवर मारेकऱ्यांनी हल्ला केला. ज्युलियानो जागीच ठार झाला. लोरेन्झो जखमी अवस्थेत सॅक्रिस्टीत धावला आणि त्याच्या मित्रांनी लुकाची जड दारे आतून लावून घेतली. त्याचा जीव वाचला. बाहेर वेदीजवळ रक्त सांडले होते आणि दाराच्या वर लुकाचा पुनरुत्थित ख्रिस्त होता. माणसाच्या हातून देवाच्या घरात काय घडू शकते आणि तरीही देवाचा शब्द कोणता, हे दोन्ही त्या एका दारापाशी दिसले.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. लुकाने लग्न केले नव्हते. आपल्या भावाच्या मुलाला, आंद्रेयाला, त्याने भट्टीशेजारी बसवून सारी कला शिकवली. १४७१ साली शिल्पकारांच्या संघाने त्याला प्रमुखपद देऊ केले, तेव्हा वय आणि आजारपण यांमुळे त्याने ते नाकारले. त्याच वर्षी त्याने मृत्युपत्र केले. मालमत्ता त्याने दुसऱ्या पुतण्याला, सिमोनेला दिली. आंद्रेयाला दिली ती कला आणि तिचा व्यवसाय. कारण असे की, जो धंदा आंद्रेया शिकला होता त्यावर तो आयुष्यभर सन्मानाने जगू शकत होता. दुसऱ्याला तसे काही मिळालेले नव्हते.

लुका १४८२ साली प्रभूघरी गेला. त्याला ज्या चर्चमध्ये पुरले ते १८ व्या शतकात पाडले गेले. पण आंद्रेयाने काय केले पाहा. फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी अनाथालय होते. त्याच्या दर्शनी भिंतीवर १४८७ च्या सुमारास आंद्रेयाने निळ्या गोलांमध्ये दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळे बसवली. कोणाला नको असलेली ती लेकरे जणू हात पसरून आपल्याला बोलावतात. काकाची कला पुतण्याच्या हातून अनाथांच्या दारी पोहोचली.

बंधू-भगिनींनो, सातबाऱ्यावरच्या नावांसाठी भाऊ भावाशी बोलेनासा झालेला आपण पाहतो. जमीन वाटली की कमी होते. विद्या, कष्टाची सवय आणि श्रद्धा वाटली की वाढते. लुकाने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तोलल्या आणि दोघा पुतण्यांना न्याय दिला. आपल्या मुलांना आपण काय शिकवून जाणार आहोत, हा विचार मृत्युपत्र लिहिण्याच्या दिवसापर्यंत ठेवू नये. आईच्या हाताची चव, बाबांचा शेतातला किंवा कारखान्यातला हुन्नर, रोजची रोझरी, हे शेजारी बसवूनच द्यावे लागते.

संत पौल म्हणतो त्याप्रमाणे आपण मातीची भांडी आहोत आणि ठेवा आत आहे. यिर्मया संदेष्ट्याने कुंभाराच्या घरी जाऊन हेच पाहिले होते. भट्टीची आग कोणालाच आवडत नाही. पण लुकाची माती दुसऱ्या आगीतून गेली, म्हणूनच तिचा रंग टिकला. आपल्या वाट्याला दुसरी आग आली तर कुंभार कोण आहे, एवढे विसरू नका.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू