कॉलेजच्या पोरांनी वादविवादासाठी सभा काढली अन् मुंबईत मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या

दादाभाई नौरोजी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं आर्थिक निःसारण आठवतं. पण त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात झाली ती कॉलेजातल्या एका चर्चेच्या सभेतून.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी वाढवलं. घरची गरिबी, पण तेव्हा शिक्षण फुकट होतं म्हणून ते शिकले. लोकांच्या पैशावर शिकलो, तर ते देणं फेडायला हवं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. पुढं ते एल्फिन्स्टनमध्येच शिकवायला लागले.

१८४८ साली प्राध्यापक पॅटन यांच्या पाठिंब्यानं तिथं स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी सुरू झाली. एकानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. मराठी आणि गुजरातीतून चर्चेसाठी ज्ञानप्रसारक सभाही निघाल्या.

एकदा बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली आणि ठरलं, आता आपणच मुलींना शिकवायचं. पुण्यात फुले दांपत्यानं १८४८ मध्ये शाळा काढली होती. मुंबईत ही पोरं १८४९ मध्ये कामाला लागली.

दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघरी फिरले. काही वडिलांनी तर जिन्यावरून खाली फेकून देण्याची धमकी दिली. तरी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. सभासद सकाळी ७ ते १० बिनपगारी शिकवायचे आणि मग आपापल्या कामाला जायचे. जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली, कामा कुटुंबानं पैसा.

१८५५ मध्ये दादाभाई व्यापारासाठी लंडनला गेले. तिथंही तोच मार्ग. १८६६ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन उभी केली आणि १८६७ मध्ये तिच्यापुढं निबंध वाचला. विषय होता, इंग्लंड भारताचं किती देणं लागतं. आपण शाळेत शिकलो ते निःसारण असं एका सभेत मांडलं गेलं होतं.

१८९२ मध्ये अवघ्या ५ मतांनी जिंकून ते ब्रिटिश संसदेत पोहोचले. तोच मुद्दा तिथंही मांडला. ३० जून १९१७ रोजी त्यांचं निधन झालं.

तुमच्या कॉलेजात वादविवाद मंडळ असेल, तर पुढच्या चर्चेनंतर एवढंच विचारा: मग आता करायचं काय?